गरबा, सराव आणि निवड चाचणी: रग्बी खेळणाऱ्या मुलींवरचा एकूण भार

कारेलीबाग

नवरात्र पाच आठवड्यांवर आलं आणि मुलींची निवड चाचणी दसरा झाल्या झाल्या आहे. बडोद्यात रग्बी खेळणाऱ्या मुली आधीच मोजक्या, त्यात दरवर्षी नेमक्या याच दिवसांत दोघी-तिघी घरी बसतात. कुणाच्या पोटऱ्या भरून येतात, कुणाची नडगी ठणकते, कुणाचा साध्या वळणावर घोटा मुरगळतो. आणि घरचे म्हणतात, रग्बी आहेच तसला धसमुसळा खेळ.

मी या मुलींचा सराव घ्यायला मदत करते. सामन्यातल्या साधारण निम्म्या दुखापती टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडताना, होतात हे खरंच आहे. पण मी म्हणतेय त्या मुलींना कुणाचा धक्काही लागलेला नसतो. एकाच आठवड्यात अंगावर दुप्पट-तिप्पट काम पडतं आणि ते कुणाच्याच वहीत चढत नाही, हे खरं दुखणं आहे.

सरावाचा भार मोजायची एक सोपी पद्धत जगभर वापरतात. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलीला विचारायचं, आज ० ते १० मध्ये किती जड गेलं? ० म्हणजे आराम, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. स्मार्टवॉच नको, जीपीएस नको, वही-पेन पुरे.

आमचा नेहमीचा आठवडा घ्या. चार दिवस सराव, ७५ मिनिटं, सरासरी आकडा ६. बेरीज १८००. आता नवरात्र. मुली मैदानात असतात तीन-साडेतीन तास. उभं राहणं, मैत्रिणींना शोधणं, पाणी, फोटो हे सगळं वजा करून निव्वळ खेळणं दोन तास धरू. त्यांनी स्वतः दिलेला आकडा ४. म्हणजे एका रात्रीचे ४८०, सात रात्रींचे ३३६०. सराव तसाच चालू ठेवला तर आठवड्याची बेरीज जाते ५१६० वर. कुठल्याही संघाच्या प्रशिक्षकाने एका आठवड्यात सराव जवळजवळ तिप्पट केला असता तर पालकांनी त्याला जाब विचारला असता. इथे विचारणार कुणाला?

शिवाय बडोद्याचा गरबा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. गायक थांबत नाहीत, मोठाल्या रिंगणात अनवाणी, चवड्यांवर, बे ताळी-त्रण ताळी (दोन टाळ्या-तीन टाळ्या) करत माणूस फिरत राहतो. रिंगण एकाच दिशेने जातं, म्हणजे वळताना ठरावीक पायावर जोर जास्त. रग्बीच्या सरावाने पोटरी, टाच आणि पावलाची हाडं आधीच तापलेली असतात, त्यांच्यावरच पुन्हा उड्या. पाऊस थांबला की आपलं मैदानही कडक होतं, भेगा पडतात, त्यावर पळायचं. झोपायला एक वाजतो आणि सकाळी शाळा-कॉलेज आहेच.

बडोद्यातल्या मुलीला नवरात्रात गरब्याला जाऊ नकोस म्हणणं मला मान्य नाही. माझं म्हणणं, त्या नऊ दिवसांत सराव कमी करायचा, गरबा नाही. पण किती कमी, काय ठेवायचं, काय काढायचं यावर इथल्या जाणत्यांचं मत हवंय. फिजिओ, जुने खेळाडू, पालक, सगळ्यांनी लिहा.

दांडियाबाजार

माझी मुलगी सतरा वर्षांची, तुमच्याच मैदानावर येते बहुतेक. आमच्या घरी गेल्या वर्षी हेच झालं. अष्टमीपर्यंत दोन्ही केलं, दसऱ्याला जिना उतरताना नडगीला हात लावून बसली. आम्हाला वाटलं बुटांमुळे. नवे बूट घेतले. गरबा सरावात धरायचा असतो हे कधी डोक्यातच आलं नाही, कारण तो आमच्या लेखी सण.

एक विचारतो. मुलगी शाळेच्या खो-खो संघातही आहे. तोही धरायचा का?

कारेलीबाग

हो दादा. खो-खो, शाळेचा पीटी तास, सायकलवरून क्लासला जाणं, सगळं. अंगाला कळत नाही की हे शाळेचं आणि हे क्लबचं. आमच्याकडे एक मुलगी मंगळवारी शाळेत कबड्डी, संध्याकाळी आमच्याकडे टॅकलचा सराव, असं करायची. दोन्हीकडचे प्रशिक्षक आपापल्या जागी बरोबर होते. बेरीज फक्त तिच्या गुडघ्याने केली.

फ्लायहाफ

धागा चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. मी पुण्यात पंधरांचं रग्बी खेळलो, ८० मिनिटांचे सामने. सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचा, सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. म्हणून लोकांना वाटतं हलका आहे. तसं नाही. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी, त्यामुळे प्रत्येकीला पूर्ण वेगात किती वेळा पळावं लागतं बघा, आणि दिवसात दोन-तीन सामने. सेव्हन्समध्ये खेळण्याच्या तासामागे दुखापती पंधरांपेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच नोंदल्या गेल्यात.

आता मुद्दा. जी मुलगी चाचणीच्या आधी दहा-बारा दिवस पूर्ण वेगात पळालीच नाही, ती चाचणीत पहिल्या धावेलाच मांडी धरून बसेल. सराव कमी करा म्हणताना हे विसरू नका. मऊ ठेवलेली मुलगी लवकर मोडते. आम्ही जे टिकलो ते भरपूर सराव केला म्हणूनच टिकलो.

अस्थिस्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रावपुऱ्याच्या बाजूला बसते. फ्लायहाफ यांचं निम्मं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वर्षभर हळूहळू वाढवलेला भरपूर सराव दुखापतीपासून वाचवतो. खेळाडू मोडतो तो भाराने एकदम घेतलेल्या उडीमुळे, भाराच्या उंचीमुळे नाही. १८०० वरून २०००, मग २२०० असं चढत चार महिन्यांनी ३००० वर गेलेली मुलगी मजबूत असते. १८०० वरून थेट ५००० वर गेलेली नाही. स्नायू लवकर सरावतो, हाड आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) फार सावकाश.

त्यामुळे नऊ दिवसांत काढायचं काय? लांब पल्ल्याचं पळणं, उड्या, दोरी, पायऱ्या. हे सगळं काम गरबा करूनच देतोय. ठेवायचं काय? आठवड्यातून दोनदा थोड्या पूर्ण वेगाच्या धावा, चार-सहा, मध्ये भरपूर विश्रांती. त्याने मांडीच्या मागच्या स्नायूला वेगाची सवय राहते. नॉर्डिक व्यायामही ठेवा, गुडघ्यांवर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि सावकाश पुढे झुकायचं. हा नियमित केला तर मांडीच्या मागच्या दुखापती जवळजवळ निम्म्या होतात असं एकत्रित अभ्यासांत दिसलंय. पण तो नवरात्रात सुरू करू नका, आजपासून करा. नवशिक्या मुलीचे पाय पहिल्या वेळी दोन-तीन दिवस आखडतात.

नडगीबद्दल, कारण हे दरवर्षी माझ्याकडे येतं. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबत खाली जा. दुखरा भाग चार-पाच बोटांएवढा लांब पसरलेला असेल, पळायला लागल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाचा ताण. भार कमी केला की बरं होतं. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढी जागा दाबल्यावर मुलगी पाय मागे खेचत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, त्यावर विसंबू नका. एमआरआयमध्ये दिसतो. अशी मुलगी मला चाचणीच्या आदल्या दिवशी दाखवायला आणू नका, आज आणा.

आणि उपवास. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. नऊ दिवसांचे उपवास, वर गरबा, वर सराव. जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही. हे एरवीही चालू असेल तर पाळी लांबते, कधी बंदच होते, आणि हाडं कमकुवत व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला वेगळं नाव देऊन याची दखल घेतलीय, २०२३ मध्ये मार्गदर्शन पुन्हा सुधारलं. तीन महिने पाळी आली नाही तर "खेळाडूंचं होतंच असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे जा. त्यात आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा. नवरात्राआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघून घ्या.

उपवास मोडा असं मी सांगणार नाही. पण नुसत्या साबुदाण्यावर नऊ दिवस निघत नाहीत. मोरैयो (वरी), राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही, खजूर, केळी, आणि मैदानातून घरी आल्यावर झोपायच्या आधी पोटभर काहीतरी. आईला सांगून ठेवा, रात्री एकला स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं असू दे.

विदा

आकड्यांत काम करतो म्हणून एक तांत्रिक गोष्ट. अनेक ठिकाणी सांगतात की चालू आठवड्याचा भार भागिले मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढा, ०.८ ते १.३ मध्ये असेल तर ठीक, १.५ च्या वर धोका. क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट यांच्या २०१६ च्या लेखानंतर हे फार पसरलं.

आता कारेलीबाग यांचाच आकडा घ्या. मागचे तीन आठवडे १८००, हा ५१६०. हा आठवडाही सरासरीत धरला तर सरासरी २६४०, गुणोत्तर १.९५. हा आठवडा वगळून मागच्या १८०० ने भागलं तर २.८७. मुलगी तीच, आठवडा तोच, उत्तरं दोन. संशोधक फ्रँको इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये यावर सडकून टीका केली की गुणोत्तराचं हे गणितच डळमळीत आहे आणि त्यावरून दुखापतीचं भाकीत करता येत नाही. मला त्यांचं पटतं.

म्हणून १.५ ची रेघ मारून "तू खेळ, तू बस" करू नका. पण आकडा लिहायचाच नाही असाही अर्थ काढू नका. बेरीज एका आठवड्यात तिप्पट झाली हे दिसायला गुणोत्तर लागत नाही, वही लागते.

जुनी_तालीम

पोरांनो, मी मल्लखांबातला. रग्बी मला फारसं कळत नाही, पण तालमीत वाढलोय. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी व्यायामाबरोबर हाड बसवण्याची विद्याही जोपासली, ते बडोद्याला ठाऊक आहे. आमच्या वेळी उस्ताद नवीन पोराला पहिला महिना दीड महिना खांबावर चढूच देत नसत. बैठका, जोर, आणि रोज बघायचे की काल केलेलं आज अंगाला झेपलंय का. "अंग बोलतंय का?" असं विचारत. तुमचं ते ० ते १० म्हणजे तेच दिसतंय.

माझा प्रश्न फिजिओताईंना. गुडघा सुजला की आमच्याकडे तेल लावून रगडायचे आणि पट्टी बांधायचे. मुलींच्या बाबतीत हे करावं का? नात खेळते म्हणून विचारतोय.

अस्थिस्नायू

काका, अंग बोलतंय का, हा प्रश्न मी आता माझ्या पेशंटना विचारणार.

गुडघ्याचं मात्र नीट ऐका. वळताना किंवा उडीवरून उतरताना आतून "कट" असा आवाज आला, मुलीला वाटलं की गुडघा जागेवरून सरकला, आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असतं. अशा वेळी पुढचा क्रॉस लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटल्याची शक्यता मोठी. रगडू नका, तेल नको, शेक नको, ओढून बसवणं तर मुळीच नको. बर्फ, हलका दाब, पाय वर, आणि ऑर्थोपेडिककडे. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त होते, आणि बहुतेक वेळा कुणी अंगाला हातही लावलेला नसतो.

ऑपरेशन झालं तर परत मैदानात यायला किमान नऊ महिने. हा आकडा मनाचा नाही. नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक जास्तीचा महिना थांबलं तर पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण निम्म्याने घटतं. सहाव्या महिन्यात मुलगी पळायला लागते, बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात आता काय हरकत आहे. हरकत आहे.

सूज नाही, नुसतं अंग आखडलंय, तर मालिश खुशाल करा काका. त्याने बरंच वाटतं.

सुरसागर

मी इतके दिवस नुसती वाचायचे, आज लिहिते. दुखापतींत तुम्ही सगळे पाय आणि गुडघे लिहिताय. माझी मुलगी बाहेरगावी एका स्पर्धेला गेली होती. टॅकल करताना तिचं डोकं समोरचीच्या गुडघ्यावर आदळलं. उठली, पाणी दिलं, तोंडावर शिंपडलं, "चल चल, काही नाही" म्हणून परत आत. त्या दिवशी तिने आणखी एक सामना खेळला. परत येताना गाडीत तिने मला तीनदा विचारलं, "आई, आपण जिंकलो का?" मी तिन्ही वेळा सांगितलं. चौथ्यांदा विचारल्यावर मी गाडी थांबवायला लावली.

ती आता बरी आहे. पण तिथे एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नव्हतं की अशा वेळी काय करायचं असतं. गरब्याचा हिशेब जरूर करा. याचा पण करा.

कारेलीबाग

सुरसागर, लिहिलंत ते फार बरं केलंत. यावर मी सविस्तरच लिहिते, कारण बाकी सगळ्या गोष्टींत थोडं कमी-जास्त चालतं, डोक्याच्या बाबतीत चालत नाही.

संशय आला की बाहेर. खात्री झाल्यावर नाही, संशय आल्यावर. मुलगी बेशुद्ध पडायची वाट बघायची नसते, बहुतेक कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला हादरा बसतो तेव्हा, शुद्ध हरपतच नाही. उठताना तोल गेला, डोळे कुठेतरी लागले, आपण कुठल्या अर्ध्यात खेळतोय हे सांगता येईना, चुकीच्या बाजूला धावली, उगाच रडायला लागली, तोच प्रश्न पुन्हा विचारला, यातलं एकही दिसलं की त्या दिवसाचा खेळ संपला. त्याच दिवशी परत आत पाठवणं हा प्रकारच नाही. टीव्हीवर मोठ्या सामन्यांत खेळाडू तपासून परत येताना दिसतात, ती तिथल्या डॉक्टरांची वेगळी व्यवस्था आहे, ती आपल्याला लागू नाही. न्यूझीलंडमध्ये स्थानिक पातळीवर पंचच निळं कार्ड दाखवून अशा खेळाडूला बाहेर काढतात, म्हणजे प्रशिक्षकाशी वादच उरत नाही. आपल्याकडेही स्थानिक स्पर्धांत हे सुरू करावं असं माझं म्हणणं आहे, त्याला खर्च शून्य.

उलट्या होणं, डोकेदुखी वाढत जाणं, झोपेतून उठवता न येणं, हातपाय बधिर होणं, फिट, मानेच्या मणक्यात दुखणं: थेट दवाखाना. मान दुखत असेल तर मुलीला हलवायचंही नाही.

परत यायचं कधी? ब्रिटनने २०२३ मध्ये तळच्या पातळीवरच्या सगळ्या खेळांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात २१ दिवसांच्या आत सामना नाही, आणि टॅकलचा सराव सुरू करायच्या आधी सलग १४ दिवस कुठलाही त्रास नसावा. आम्ही हेच पाळतो. निवड चाचणी मध्ये आली तरी हेच. चाचणी पुढच्या वर्षी असते.

टॅकल शिकवणं हाच खरा बचाव. डोकं समोरच्या मुलीच्या पुढून जाता कामा नये, तिच्या मागच्या बाजूला राहिलं पाहिजे, गाल तिच्या अंगाला टेकलेला, नजर वर. थकलेली मुलगी पहिल्यांदा हेच विसरते. तिचे पाय थांबतात, ती कमरेतून वाकते, डोकं खाली जातं, आणि मग जिथे नको तिथे आदळतं. म्हणजे भार आणि डोकं हे दोन वेगळे विषय नाहीतच. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये व्यावसायिक संघांना सांगितलं की पूर्ण ताकदीचा टॅकल सराव आठवड्याला १५ मिनिटांपर्यंतच ठेवा. पगारी, तगड्या, मागे डॉक्टर-फिजिओ असलेल्या खेळाडूंना १५ मिनिटं. आणि आपल्याकडे शाळकरी मुलींकडून तासभर करून घेणारे आहेत.

दांडियाबाजार

मग ती डोक्यावरची मऊ टोपी घेऊन द्यावी का? ऑनलाइन मिळतेय.

अस्थिस्नायू

दादा, त्या टोपीने कानाचं घासणं आणि डोक्याच्या कातडीला जखम वाचते. कन्कशन वाचत नाही, कारण मेंदू कवटीच्या आत हलतो. उलट टोपी घातली की मुली निर्धास्त होऊन डोकं घालतात. ते पैसे माउथगार्डवर घाला. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं मिळतं, ते चालेल. ते दातांसाठी आहे, डोक्यासाठी नाही, हे मुलीला सांगून ठेवा.

आणि फुकटात मिळणारी एक गोष्ट आहे. वर्ल्ड रग्बीचा "अ‍ॅक्टिव्हेट" नावाचा वॉर्म-अप, वीसेक मिनिटांचा. तोल, उडीवरून उतरणं, वळणं, मानेचे व्यायाम, सगळं त्यात आहे. इंग्लंडच्या शाळांतल्या मुलांवर अभ्यास झाला. ज्या संघांनी तो आठवड्यातून तीनदा केला तिथे एकूण दुखापती ७२ टक्क्यांनी आणि कन्कशन ५९ टक्क्यांनी कमी दिसली. आठवड्यातून एकदा करून हे मिळत नाही.

निळी_जर्सी

मी त्याच मुलींपैकी एक, एकोणीस वर्षांची. ताई, रागावू नका, पण एक खरं सांगते. सराव संपल्यावर तुम्ही आकडा विचारता ना, तेव्हा चाचणी जवळ आली की आम्ही कमी सांगतो. सात वाटत असलं तरी पाच. कारण जिला जड जातंय ती संघात कशी येणार, असं वाटतं. आणि शेजारी उभी असलेली पाच म्हणाली तर मी आठ कशी म्हणू? नडगी दुखते तेही सांगत नाही. मोजे वर ओढून घेतो.

गरब्याचं तर कुणीच सांगत नाही, कारण आधीच्या एका ठिकाणी गरब्याला गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावायचे. म्हणजे रात्री तीन तास, सकाळी शिक्षा. मग सगळ्या खोटं बोलायला शिकल्या.

कारेलीबाग

रागावण्यासारखं काहीच नाही गं. या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तूच लिहिलंस.

आजपासून आकडा सगळ्यांसमोर विचारणार नाही. प्रत्येकीने मला फोनवर एकटीने पाठवायचा. गरबा, खो-खो, झोपेचे तास, सगळं त्यातच, आणि निवडीशी त्या वहीचा काही संबंध राहणार नाही. निवड करणाऱ्यांच्या हातात ती जाणार नाही, हे मी लिहून देते. गरब्याला गेल्याबद्दल फेऱ्या मारायला लावणं तर मला चीडच आणतं. थकलेल्या पायांना आणखी थकवून कुठला संघ बनतो?

सगळ्यांचं वाचून मी त्या नऊ दिवसांचं असं ठरवते. टॅकलचा सराव पूर्ण बंद. मैदानावर आठवड्यात चारऐवजी दोन दिवस, ४० मिनिटं, तेही संध्याकाळी नाही, सकाळी उशिरा, म्हणजे झोप पुरी होईल. पास देणं-घेणं, जागा घेणं, सहा पूर्ण वेगाच्या धावा, नॉर्डिक, बस. आकडा ५ धरला तर दोन दिवसांचे ४००. गरबा आठवड्यात सातऐवजी पाच रात्री केला तर २४००. एकूण २८००. तरीही नेहमीपेक्षा बरंच जास्त, म्हणून या पाच आठवड्यांत आपण १८०० वरून हळूहळू २३००-२४०० पर्यंत चढू. गरब्याच्या क्लासला जाणाऱ्यांनी तेही धरायचं, ते क्लास आता सुरूच झालेत. कुठल्या दोन रात्री सोडायच्या ते ज्याने त्याने ठरवावं, फक्त दसऱ्याच्या आधीची एक असावी.

फ्लायहाफ

सहा पूर्ण वेगाच्या धावा राहिल्या, माझं समाधान झालं. त्या अनवाणी नको, आणि कडक मैदानावर असतील तर आधी कडेचं गवत शोधा.

विदा

वहीसाठी एक साधी शीट करून देतो, फोनवर भरता येईल. रात्रीचा गरबा दुसऱ्या दिवशीच्या तारखेत चढणार नाही याची काळजी घेतलीय, नाहीतर बारानंतर सगळा घोळ होतो. तुम्हाला खाजगी निरोप पाठवलाय.

निळी_जर्सी

थँक्यू ताई. आमच्या ग्रुपवर धागा टाकला.

फिजिओताई, एक राहिलं. माझा डावा घोटा दोन आठवड्यांपूर्वी मुरगळला होता. सूज गेली, चालताना दुखत नाही. पट्टी बांधून पहिल्या रात्रीपासून गरबा खेळू का?

अस्थिस्नायू

नवरात्राला अजून पाच आठवडे आहेत, त्यामुळे बहुधा हो, पण पट्टीच्या भरवशावर नाही. भिंतीसमोर उभी राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते दोन्ही पायांचं मोज. डावा दोन सेंटिमीटरहून जास्त मागे असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. मग डोळे मिटून डाव्या पायावर उभी राहा, अर्धा मिनिट. मग त्याच पायावर सलग दहा उड्या, पुढे आणि दोन्ही बाजूंना. तिन्ही गोष्टी न दुखता, न डगमगता उजव्यासारख्या झाल्या तर गरबाही आणि सरावही. नाही झाल्या तर रोज एका पायावर उभं राहायचा आणि टाचा उचलायचा व्यायाम सुरू कर आणि या आठवड्यात दाखवून जा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, म्हणून बरं वाटलं तरी व्यायाम नवरात्र संपेपर्यंत सोडू नकोस.